'मृच्छकटिका'तील ठेव आणि साक्ष

शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'चा विचार करताना चारुदत्ताचे औदार्य, वसंतसेनेचे निर्व्याज प्रेम, मैत्रेयाचा विनोद आणि उज्जयिनीच्या नगरजीवनाचे बहुरंगी चित्रण यांचा गौरव करण्याची रीत आता रूढ झाली आहे. गोविंद बल्लाळ देवलांनी हे प्रकरण संगीत रूपाने मराठी रंगभूमीवर आणले आणि पुढे बालगंधर्वांनी वसंतसेनेची भूमिका केली. तेव्हापासून तर मराठी रसिकाच्या मनात या नाटकाचे स्थान मुख्यतः एका प्रणयकथेचे आहे. १९०५ साली आर्थर रायडर यांनी या नाटकाचा इंग्रजी अनुवाद सिद्ध केला, तेव्हा त्यांनाही शूद्रकाच्या पात्रांची देशकालातीत माणुसकीच सर्वांत मोलाची वाटली. हे सर्व गौरव यथार्थ आहेत. तथापि त्यांच्या झगमगाटात नाटकातील एक अवघड प्रश्न बहुधा झाकून जातो. ज्या नगरीत इतकी उदार, रसिक आणि मायाळू माणसे राहतात, त्याच नगरीत एक निरपराध मनुष्य गळ्यात करवीराच्या फुलांची माळ घालून, डांगोऱ्याच्या घोषात, वधस्थानापर्यंत कसा जातो?

शकार दुष्ट आहे, हे या प्रश्नाचे उत्तर नव्हे. शकार दुष्ट आहेच; परंतु तो मूर्खही आहे. रामायण आणि महाभारत यांची सरमिसळ केल्यावाचून त्याला एक वाक्य धड बोलता येत नाही. असल्या मनुष्याने रचलेले कुभांड एका सुसंस्कृत नगरीच्या न्यायसभेत सिद्ध व्हावे, याचा अर्थ उघड आहे. एकट्या दुष्टाच्या हातून एवढे काम होत नाही. त्याला पुष्कळ सज्जनांचे साहाय्य लागते. हे साहाय्य सज्जनांनी कसे दिले आणि ते नाकारण्याची हिंमत कोणी केली, याचा शोध घेणे म्हणजेच 'मृच्छकटिका'तील पात्रांच्या सामाजिक जबाबदारीचा शोध घेणे होय.

१

या शोधाचा धागा पहिल्या अंकातच हाती लागतो. शकाराच्या पाठलागातून सुटण्यासाठी चारुदत्ताच्या घरात शिरलेली वसंतसेना आपले अलंकार तेथे ठेव म्हणून ठेवते. हे पडके घर ठेवीला योग्य नाही, असे चारुदत्त म्हणतो, तेव्हा ती जे उत्तर देते त्याचा आशय असा की, ठेव घरात ठेवली जात नसते, माणसात ठेवली जाते. या उत्तरात साऱ्या नाटकाचे बीज आहे. ठेव म्हणजे दुसऱ्याची वस्तू आपल्या स्वाधीन असणे आणि ती आपली नाही हे जाणून सांभाळणे. सामाजिक जबाबदारीची याहून साधी आणि याहून नेमकी व्याख्या करणे कठीण आहे.

भासाच्या नावावर असलेल्या 'चारुदत्त' या चार अंकी नाटकाशी 'मृच्छकटिका'चे पहिले चार अंक फार जवळून जुळतात, हे सर्वश्रुत आहे. त्या चार अंकांत ठेवीचा हा व्यवहार दोन प्रेमी जीवांपुरता आणि एका चोरापुरता मर्यादित आहे. अलंकार ठेवले जातात, चोरीस जातात, त्यांच्या बदली रत्नावली पाठविली जाते आणि शेवटी अलंकार मूळ मालकिणीकडे परत येतात. वर्तुळ पुरे होते. पण 'मृच्छकटिक' येथे थांबत नाही. राजा पालक, त्याने बंदीत घातलेला गोपालपुत्र आर्यक, गाड्यांची अदलाबदल, उद्यानातील हत्येचा प्रयत्न, न्यायसभा, वधाची मिरवणूक आणि राज्यक्रांती हा सारा विस्तार येथे आहे आणि या विस्तारात ठेवीचे स्वरूपच पालटते. आता जी ठेव सांभाळावयाची ती सोन्याची राहत नाही. प्रथम ती एका स्त्रीच्या जीविताची होते आणि नंतर एका सत्याची.

हे पालटणे शूद्रकाने किती जाणीवपूर्वक साधले आहे, याचा पुरावा आठव्या अंकात आहे. पुष्पकरंडक उद्यानात शकार विटाला दूर पाठवू पाहतो. तुझ्यासमोर ही लाजते, तू बाजूला हो, असे तो सांगतो. विटाला संशय येतो; तरीही जाताना तो वसंतसेनेला शकाराच्या हाती 'न्यास' म्हणून, ठेव म्हणून, सोपवितो. शकार ती ठेव आनंदाने स्वीकारतो आणि त्याच्या प्राकृत उच्चारात 'न्यास' या शब्दाचा 'नाश' होऊन जातो. हा केवळ शब्दश्लेष नव्हे. पहिल्या अंकातील ठेव योग्य माणसात ठेवली गेली होती. आठव्या अंकातील ठेव अयोग्य माणसाच्या हाती जाणूनबुजून दिली गेली. ठेव घेणाऱ्याची जबाबदारी चारुदत्ताच्या निमित्ताने सांगून झाल्यावर, ठेव सोपविणाऱ्याची जबाबदारी शूद्रक येथे पुढे मांडतो.

२

विट हे 'मृच्छकटिका'तील सर्वांत सुसंस्कृत पात्र म्हणता येईल. तो शकाराच्या पदरी असला तरी मनाने त्याच्या कितीतरी वर आहे. पहिल्या अंकात शकाराने रदनिकेचे केस धरले, तेव्हा लाजून मैत्रेयाची क्षमा मागणारा तोच. आठव्या अंकात शकार वसंतसेनेला मारण्याची आज्ञा करतो, तेव्हा कान झाकून घेणारा तोच. हे पाप कोण पाहणार आहे, असे शकार विचारतो. त्यावर दाही दिशा, वनदेवता, चंद्र, सूर्य, वारा, आकाश, भूमी आणि आपला अंतरात्मा हे सारे साक्षी आहेत, असे तो त्याला बजावतो. साक्षीची इतकी उदात्त कल्पना नाटकात दुसऱ्या कोणी मांडलेली नाही.

आणि तरीही नाटकात जेव्हा खऱ्या साक्षीची वेळ येते तेव्हा विट तेथे नसतो. परत येऊन वसंतसेनेचा निश्चेष्ट देह पाहिल्यावर तो शोक करतो, शकाराचा धिक्कार करतो. शकार उलट त्याच्यावरच हत्येचा आळ घेऊ पाहतो तेव्हा तो तलवार उपसतो आणि शर्विलक, चंदनक प्रभृती जेथे गेले तेथे निघून जातो. त्याच्या या जाण्याचा अर्थ दोन प्रकारे लावता येईल. राजाच्या मेहुण्याविरुद्ध राजाच्याच न्यायसभेत दाद लागणार नाही, हे ओळखून तो राजसत्ता उलथू पाहणाऱ्यांना मिळाला, असे म्हणणे शक्य आहे. आणि त्या दृष्टीने त्याचे जाणे हे पलायन ठरत नाही. परंतु नाटकाच्या घटनाक्रमात या जाण्याचा परिणाम काय होतो, तोही नाकारता येणार नाही. दुसऱ्याच दिवशी चारुदत्त न्यायसभेत उभा राहतो आणि दिशांना, वाऱ्याला व वनदेवतांना साक्षीस बोलाविणारा एकमेव सुशिक्षित साक्षीदार नगरात नसतो. दाही दिशांनी पाहिले. पण दिशा बोलत नाहीत. बोलावयाचे ते माणसांनीच.

विटाच्या चित्रणात शूद्रकाने एका विशिष्ट प्रकारच्या सज्जनतेची मर्यादा दाखविली आहे. ही सज्जनता पापात सहभागी होत नाही. पापापासून दूर जाते. तिचे हात स्वच्छ राहतात. परंतु दूर जाण्याने पाप थांबत नाही. त्याला फक्त मोकळी जागा मिळते.

३

नवव्या अंकातील न्यायसभा हा संस्कृत नाट्यवाङ्मयातील एक अपूर्व प्रवेश आहे. येथे अधिकरणिक, श्रेष्ठी आणि कायस्थ असे तिघे बसले आहेत. अधिकरणिक मूर्ख नाही, लाचखाऊ नाही, निर्दयही नाही. वादी आणि प्रतिवादी दोघेही आपले दोष लपवितात, त्यामुळे सत्य शोधणे किती अवघड असते, याचे चिंतन करीतच तो आसनावर येतो. चारुदत्त येताच तो त्याला आदराने आसन देतो. चारुदत्ताने असे कृत्य केले असेल ही गोष्ट त्याला समुद्र पोहून जाण्याइतकी अशक्य वाटते. असा हा न्यायाधीश. आणि त्याच्याच हातून घोर अन्याय घडतो.

तो कसा घडतो, हे शूद्रक एकेक पायरी दाखवून सांगतो. पहिली पायरी अगदी लहान आहे. शकाराची फिर्याद आज घेणार नाही, असे अधिकरणिक प्रथम सांगतो. शकार रागावून म्हणतो की आपण मेहुण्याला, म्हणजे राजाला, सांगून या अधिकरणिकाला काढून टाकू आणि दुसरा नेमू. हे कानी जाताच, हा मूर्ख काय वाटेल ते करील, असा विचार करून अधिकरणिक फिर्याद घेण्यास तयार होतो. फिर्याद घेणे हा काही गुन्हा नव्हे. ती घेणे हे त्याचे कामच आहे. परंतु शकार या माघारीचा अर्थ बरोबर लावतो. हे भ्याले आहेत, आता आपण जे सांगू ते यांना पटेल, असे तो मनाशी ठरवितो. मूर्खाला शास्त्र कळत नाही. पण भय मात्र त्याला नेमके ओळखता येते.

दुसरी पायरी अधिक भयंकर आहे. फिर्याद सांगता सांगता शकाराची जीभ घसरते आणि वसंतसेनेला मारले गेले, पण 'मी नव्हे', असे तो न विचारताच बोलून जातो. सभेच्या ते ध्यानात येते आणि त्याचे शब्द लिहून घेतले जातात. म्हणजे सत्य या सभेत स्वतःच्या पायाने चालत आले होते आणि क्षणभर अक्षरांतही उतरले होते. शकार काय करतो? तो ते लिखाण पायाने पुसून टाकतो. वादी न्यायसभेत लिहिलेली अक्षरे पायाने पुसतो आणि सभा पुढच्या प्रश्नाकडे वळते. या एका कृतीत शूद्रकाने त्या न्यायव्यवस्थेविषयी जे सांगितले आहे त्याहून अधिक सांगण्याची गरज राहत नाही.

तिसऱ्या पायरीवर वसंतसेनेची वृद्ध माता उभी आहे. नाटकाच्या मर्मज्ञांनीही या वृद्धेकडे फारसे लक्ष दिलेले नाही. चौथ्या अंकात मैत्रेयाच्या थट्टेचा विषय झालेली ही स्थूल गणिकामाता येथे सभेतील साऱ्या विद्वानांहून उंच दिसते. तिच्या मुलीची हत्या झाली असे तिला सांगितले जाते. हत्या करणारा म्हणून एक मनुष्य तिच्यापुढे उभा केला जातो. सूडाची संधी समोर असताना ती म्हणते की चोरीला गेलेल्या अलंकारांच्या बदली ज्याने रत्नावली दिली तो असल्या क्षुद्र लोभाने असे करणार नाही. ते अलंकार दाखविल्यावरही, हे तसे दिसतात पण तेच नव्हेत, असे ती सांगते. आणि अखेर ती कायद्याचा मुद्दाच उपस्थित करते : व्यवहार वादी आणि प्रतिवादी यांच्यात असतो, येथे नुकसान माझे झाले आहे, वादी मी आहे, तेव्हा याला सोडा. या मुद्द्याला सभेपाशी उत्तर नाही. म्हणून तिला सभेतून बाहेर काढले जाते.

उरलेला पुरावा योगायोगाने जमतो. वीरक आपली वेगळीच तक्रार घेऊन येतो आणि वसंतसेनेला घेऊन चारुदत्ताची गाडी उद्यानाकडे चालली होती, असे सांगून जातो. उद्यानात कोणा स्त्रीच्या देहाचे अवशेष सापडतात. मैत्रेयाच्या काखेतून वसंतसेनेचे अलंकार खाली पडतात. प्रत्येक दुवा खरा आहे आणि साखळी मात्र खोटी. शेवटी अधिकरणिक निर्णय सांगतो : मनूच्या वचनाप्रमाणे ब्राह्मण अवध्य आहे, याला संपत्तीसह देशाबाहेर घालवावे, तथापि निर्णय देणे एवढेच आमच्याकडे, पुढचे राजाकडे. राजा पालक वधाची आज्ञा पाठवितो. ही आज्ञा देणारा राजा रंगभूमीवर एकदाही येत नाही. कायस्थाने लिहिले, श्रेष्ठीने संमती दिली, अधिकरणिकाने अभिप्राय दिला, शोधनकाने निरोप नेला आणि राजाने आज्ञा केली. वध कोणी केला, असे विचारल्यास प्रत्येकाला आपापला लहानसा, निरुपद्रवी वाटा दाखविता येईल. जबाबदारी इतक्या हातांत वाटली गेली की ती कोणाच्याच हाती उरली नाही.

४

मग स्वतः चारुदत्ताचे काय? नायकाविषयी हा प्रश्न विचारणे रसिकाला कदाचित अप्रिय वाटेल. परंतु नाटककाराने तो टाळलेला नाही.

चारुदत्ताचे औदार्य निःसंशय आहे. तथापि त्या औदार्याच्या मुळाशी असलेली वृत्ती लोकापवादाला फार भिते. तिसऱ्या अंकात अलंकार चोरीस जातात. ठेव मिळालीच नाही असे सांगून मोकळे होण्याची मैत्रेयाची सूचना तो धिक्कारतो. भीक मागून ठेव फेडीन पण खोटे बोलणार नाही, असे म्हणतो. परंतु चोरी झाली हे सत्यही तो सांगत नाही. दरिद्री माणसावर कोण विश्वास ठेवील, या शंकेने तो मैत्रेयाबरोबर निरोप पाठवितो की अलंकार आपण द्यूतात हरलो. आणि बदल्यात धूतेची रत्नावली देतो. ठेव फेडली जाते, पण सत्य सांगितले जात नाही. या असत्याने कोणाचेही नुकसान होत नाही. उलट त्यातून चारुदत्ताचा मोठेपणाच दिसतो. पण येथे एक सवय उघड होते. सत्य लोकांना पटणार नसेल तर ते सांगण्यात अर्थ नाही, ही ती सवय.

नवव्या अंकात हीच सवय त्याच्या जिवावर येते. गणिका आपली मैत्रीण आहे हे सभेत कबूल करताना तो लाजतो, अडखळतो. त्या अडखळण्याचा शकार फायदा घेतो. अलंकार मैत्रेयाच्या काखेत कसे आले, हे सांगण्याजोगे आहे : रोहसेनाला सोन्याची गाडी हवी होती, मातीची गाडी पाहून तो रडत होता आणि वसंतसेनेने आपले अलंकार काढून ती गाडी भरून दिली. ज्या मातीच्या गाडीवरून नाटकाला नाव मिळाले ती एका मुलाच्या रडण्याची आणि एका स्त्रीच्या मायेची खूण. सभेत मात्र तिच्यातले सोने खुनाचा पुरावा ठरते. खरे ते सांगून टाक, असे मैत्रेय विनवितो. चारुदत्ताचे उत्तर असे की राजाची दृष्टी दुबळी असते, तिला तत्त्व दिसत नाही. सांगूनही मरण मात्र दीन होईल. आणि वसंतसेनाच गेली असेल तर जगून काय करावयाचे, या विचाराने तो गुन्हा जवळजवळ पत्करतो.

अर्थात् या मौनाला दुसरी एक बाजू आहे आणि ती न सांगणे अन्यायाचे होईल. आपल्या गाडीतून त्या दिवशी खरोखर कोण गेले, हे चारुदत्ताला ठाऊक होते. सातव्या अंकात गाडीत वसंतसेनेऐवजी बेड्या तोडून निसटलेला आर्यक निघाला. चारुदत्ताने त्याला अभय दिले, त्याची उरलेली बेडी काढविली आणि ती जुन्या विहिरीत टाकविली. वीरकाच्या साक्षीचे खंडन करावयाचे तर गाडीवानाला, वर्धमानकाला, बोलवावे लागेल. आणि वर्धमानक आला की आर्यकाचे नाव येणार. शूद्रक हे कारण चारुदत्ताच्या मुखी घालीत नाही. पण कथानकाची रचनाच अशी आहे की चारुदत्ताने तोंड उघडले असते तर शरण आलेल्या माणसाचा घात झाला असता. तेव्हा त्याचे मौन निव्वळ दुबळेपणा म्हणून निकालात काढता येत नाही. त्याने एक ठेव सांभाळली. त्यासाठी दुसरी, म्हणजे स्वतःविषयीचे सत्य, गमावली. चारुदत्ताची व्यक्तिरेखा आदर्शाच्या पुतळ्यापेक्षा अधिक सजीव वाटते ती या गुंतागुंतीमुळेच.

५

विट बोलला पण थांबला नाही. अधिकरणिक थांबला पण बोलला नाही. चारुदत्ताला बोलता आले नाही. मग या नगरीत सत्य कोण बोलतो? ज्याला बोलण्याचा अधिकारच नाही तो. शकाराचा दास, स्थावरक.

गाडीची चूक मुळात स्थावरकाच्या गाडीतच झाली. वसंतसेना नकळत त्याच्या गाडीत बसली. तिला मारण्यासाठी शकार त्याला सोन्याची कडी, सोन्याचे आसन, उष्टे अन्न आणि सर्व दासांत वडीलपण देऊ करतो. स्थावरक सारे घेण्यास कबूल होतो. पण काम कोणते हे कळताच नकार देतो. मालकाची सत्ता आपल्या शरीरावर आहे, शीलावर नाही, असे तो सांगतो. पूर्वजन्मीच्या पापाने आपण दास झालो, आता आणखी पाप विकत घेणार नाही, एवढेच त्याचे तत्त्वज्ञान आहे. विटाप्रमाणे त्याच्यापाशी दाही दिशांची साक्ष काढणारी वाणी नाही. शकार त्याला मारतो आणि नंतर प्रासादाच्या वरच्या मजल्यावर बेडी घालून कोंडतो; कारण साक्षीदार जिवंत आहे हे त्या मूर्खालाही समजते.

दहाव्या अंकात वधाची मिरवणूक रस्त्याने येते. वरून स्थावरक ओरडतो. पण अंतरामुळे आवाज पोहोचत नाही. तेव्हा आपण मेलो तरी चालेल, हा कुलीन लोकांचा आधारवृक्ष मरता कामा नये, असा विचार करून तो मोडक्या खिडकीतून उडी घेतो. उडीत त्याची बेडी तुटते. चांडाळांसमोर तो सर्व सत्य सांगतो. क्षणभर वाटते की आता सुटका झाली. इतक्यात शकार येतो, गुपचूप सोन्याचे कडे देऊन त्याचे तोंड बंद करू पाहतो. स्थावरक तेच कडे सर्वांना दाखवितो. त्यावर शकाराचा डाव असा की हेच ते कडे, हे चोरल्याबद्दल मी याला मारले आणि कोंडले होते. म्हणून हा वैराने बोलतो. चांडाळांना हे पटते. ज्या पुराव्याने सत्य सिद्ध व्हावयाचे त्यानेच ते खोटे ठरते. दासपण असे असते की खरे बोलले तरी ते कोणालाच पटत नाही, असे उद्गार काढून स्थावरक चारुदत्ताच्या पायांवर पडतो. आपली शक्ती एवढीच, असे तो सांगतो.

'मृच्छकटिका'चा विचारबिंदू येथे आहे. न्यायसभेत ज्यांच्या शब्दाला वजन होते त्यांनी शब्द उच्चारला नाही. रस्त्यावर ज्याने शब्द उच्चारला त्याच्या शब्दाला वजन नव्हते. समाजात सत्य बोलण्याची जबाबदारी आणि सत्य पटवून देण्याची शक्ती यांची अशी फारकत झाली की निरपराध्याच्या वधाला शकाराची गरज मुख्यतः निमित्तापुरतीच उरते.

आणि तरीही स्थावरकाची साक्ष सर्वथा वाया गेली, असे म्हणता येत नाही. तिने चारुदत्ताची सुटका केली नाही. पण तिच्यात थोडा वेळ गेला. चांडाळही घाई करीत नाहीत. जन्माने चांडाळ असलो तरी आपण चांडाळ नव्हे, सज्जनाला छळणारे तेच चांडाळ, असे ते म्हणतात. एकाला मरणाऱ्या बापाचा उपदेश आठवतो : वध्याला एकाएकी मारू नये, कदाचित कोणी सज्जन पैसे देऊन त्याला सोडवील, राजाला पुत्र होईल, हत्ती मोकाट सुटेल किंवा राज्यच पालटेल. या विलंबाच्या फटीतून भिक्षू वसंतसेनेला घेऊन वेळेवर पोहोचतो. तो भिक्षू म्हणजे दुसऱ्या अंकातील संवाहक. द्यूतात दहा सुवर्ण हरलेल्या या माणसाचे ऋण वसंतसेनेने तो कोण, कोठचा, हे पुरते न पाहता फेडले होते. दास, चांडाळ, जुगारातून उठलेला भिक्षू आणि गणिका : समाजाने ज्यांच्याकडून काहीच अपेक्षिले नव्हते त्यांनी, प्रत्येकाने आपल्या वाट्याचे थोडे थोडे केले, म्हणून एक जीव वाचला. अन्याय जसा वाटून घेतलेल्या कृतींनी घडला तसाच त्याचा परिहारही वाटून घेतलेल्या कृतींनीच झाला.

६

शेवटच्या प्रवेशाविषयी दोन गोष्टी सांगणे आवश्यक आहे. शर्विलक पालकाला मारतो, आर्यक राजा होतो आणि पकडलेल्या शकाराला ठार करा असा जमावाचा आक्रोश चालू असता चारुदत्त त्याला क्षमा करतो. शरण आलेल्या शत्रूला शस्त्राने न मारता उपकाराने मारावे, हे त्याचे वचन कीर्तीस योग्य आहे. परंतु ही क्षमा करण्याचा अधिकार एकट्या चारुदत्ताचा होता काय? जिचा गळा दाबला गेला ती वसंतसेना तेथेच उभी आहे. ज्याला बेड्या घातल्या तो स्थावरकही आहे. त्यांना कोणी विचारीत नाही. न्यायसभेचे काय झाले, पायाने पुसलेल्या अक्षरांचे काय झाले, याविषयी नाटक मुग्ध आहे. राजा पालटतो, पण अधिकरणिकाच्या आसनाविषयी एक शब्दही निघत नाही. शूद्रकाच्या सामाजिक दृष्टीची मर्यादा येथे आहे आणि ती मान्य केल्याने त्याची थोरवी कमी होत नाही.

दुसरी गोष्ट या मर्यादेला उत्तर देणारी आहे. नव्या राजाच्या वतीने जे वाटप होते त्यात वसंतसेनेला 'वधू' ही पदवी मिळते, भिक्षूला सर्व विहारांचे कुलपतिपद, चंदनकाला दंडपालकाचा अधिकार, चांडाळांना चांडाळांचे आधिपत्य. शकाराविषयी निर्णय असा की तो पूर्वीप्रमाणेच राहो. पण ज्याच्या जिवावर तो शकार होता तो मेहुणा आता राजा नाही, हे लक्षात घेतल्यास या 'पूर्वीप्रमाणे'तील उपहास कळतो. आणि स्थावरकाविषयी चारुदत्त एवढेच म्हणतो की हा अदास होवो.

रंगभूमीवर हा निर्णय क्षणात होऊन जातो. १९५८ साली हबीब तन्वीर यांनी 'मिट्टी की गाड़ी' या नावाने हे नाटक छत्तीसगढी कलावंतांकडून करविले, तेव्हा शिष्ट परंपरेत जपलेली ही पात्रे लोककलावंतांच्या वाणीतून बोलू लागली. दास, सारथी आणि चांडाळ यांचे शब्द त्या प्रयोगात नव्याने ऐकू आले असतील तर त्यात नवल नाही, कारण शूद्रकाने नाटकाचा भार मुळातच त्यांच्यावर टाकला होता. संगीत रंगभूमीच्या परंपरेत वाढलेल्या प्रेक्षकाला मात्र स्थावरकाची मुक्तता हे बहुधा एका स्वामिनिष्ठ वाटणाऱ्या सेवकाला मिळालेले बक्षीस वाटते. वस्तुतः स्थावरक स्वामिनिष्ठ नव्हता. स्वामीची आज्ञा मोडूनच तो मोठा झाला. आणि त्याला मिळालेले बक्षीसही नव्हे. आदल्या घटकेला त्याने जे दुःख सांगितले होते, ते दासाचे सत्य कोणाला पटत नाही हे होते. त्याला दास्यातून मुक्त करणे म्हणजे त्याचा शब्द साक्षीस पात्र करणे. यापुढे हा माणूस रस्त्यावर उभा राहून खरे बोलला तर कोणा शकाराला केवळ सोन्याचे कडे दाखवून त्याला खोटे पाडता येणार नाही.

वसंतसेना पहिल्या अंकात म्हणाली होती की ठेव माणसात ठेवली जाते. दहाव्या अंकाच्या अखेरीस त्या वाक्याला पूर्णता येते. सत्याची ठेव उज्जयिनीने न्यायसभेत ठेवली होती, तेथे ती बुडाली. ती सांभाळली एका दासाने. ज्या समाजाला आपली ठेव परत हवी असेल त्याने ती सांभाळणाऱ्याला प्रथम माणूस म्हणून मान्य केले पाहिजे, एवढे 'मृच्छकटिक' सांगते. तेवढे सांगण्यासाठी शूद्रकाने दहा अंक घेतले, हे मुळीच जास्त झाले नाही.